साबणाच्या खोक्यावर

साबणाची खोकी छापणाऱ्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसते. रंग पसरलेलं, घडी चुकलेलं खोकं बाजूला टाकायचं, एवढंच काम. त्या दिवशी नवा माल आला, फक्त 'प्राइड' महिन्यापुरता. सात रंगांचे पट्टे, आणि मधोमध गालाला गाल लावून हसणाऱ्या दोन मुली. त्यातली एक माझी लेक.

दुसरी तिची मैत्रीण. दोघी एकत्र राहतात. त्यांचं नातं काय, हे मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. नवऱ्याला सांगायचा धीर झाला नव्हता.

शेजारची म्हणाली, "गोड आहेत गं पोरी. पण यांच्या आयांना काय वाटत असेल?"

मी एकेक खोकं खराब म्हणून बाजूला टाकू लागले. वीस-पंचवीस झाली तसा सुपरवायझर आला. "चांगली तर आहेत," म्हणत त्याने सगळी परत ढिगात सरकवली. वर म्हणाला, "पहिली खेप गेल्या आठवड्यातच दुकानांत गेलीय. हात चालवा."

मधल्या सुट्टीत लेकीला फोन लावला. ती त्याच साबण कंपनीत नोकरीला.

"ऑफिसातल्या भिंतीवर लावायला म्हणून फोटो काढला होता, आई." तिचा आवाज बसला होता. "सकाळी ऑफिसात विचारलं तर म्हणाले, फोटो वापरायच्या कागदावर तू सही केलीयेस. तुला अभिमान नाही का?"

"आता कुठे आहेस?"

"खोलीवर. दोघीही. हिच्या भावाने दुकानात खोकं पाहिलं. तो इकडे यायला निघालाय."

मी तशीच घरी गेले आणि नवऱ्याला एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. त्याने चपला घातल्या. "तो किती वाजता निघालाय?" एवढंच विचारलं.

खोलीच्या दारावर लाथांचे ठसे होते. ठोठावलं, तर आतून हूं की चूं नाही. "अगं, आई आहे," म्हटल्यावर टेबल सरकल्याचा आवाज आला. भाऊ येऊन गेला होता. चार जणांना घेऊन परत येतो, म्हणाला होता.

नवऱ्याने दोन्ही बॅगा उचलल्या. मैत्रिणीला म्हणाला, "चल, तूही." जिना उतरताना तो दर वळणावर थांबून खाली वाकून पाहत होता.

महिना संपला तशी खोकी पुन्हा पांढरी झाली. कंपनीच्या लेखी विषय मिटला. आमच्याकडे अजून बेल वाजली की चौघं बोलायचं थांबतो. मग नवरा उठतो, आणि कडी न काढताच विचारतो, कोण आहे.