लाल चिमटा, काळा चिमटा

मासे विकणाऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरीला विश्वास ठेवणं जरा उशिराच जमतं. माझे बाबा, इस्तारी, बाजारात वांगंसुद्धा माशाचा कल्ला उघडून पाहावा तसं उलटंपालटं करून बघायचे. विकणारा जितकं तोंड भरून सांगेल तितका माल शिळा, हा त्यांचा नियम. आई म्हणायची, लग्न ठरताना तिच्या बापानं तिची तारीफ केली नाही म्हणूनच हे हो म्हणाले.

२००४ च्या हिवाळ्यात नागपूरच्या एका क्लबानं आमच्या गावामागच्या पहाडीवर सायकलची शर्यत ठेवली. माथ्यावरून खाली, दगडधोंड्यांतून, बांबूच्या बेटांमधून. सिंदेवाहीच्या आमच्या कॉलेजातून मुलींमध्ये माझं नाव गेलं. माझी सायकल गियरची होती, पण पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा साधाच होता. त्यावर मी एकदा ती पहाडी उतरले आणि चार दिवस हातात पेन धरवेना. शॉकअपचा चिमटा लावल्याशिवाय उतरू देणार नाही, असं कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी बजावलं. मला तर उतरायचंच होतं. इतक्या हट्टानं मी आजवर काही मागितलं नव्हतं.

सिंदेवाहीत गुणवंतरावांचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी दोन चिमटे काढले. एक लाल, कोरा करकरीत, दाबला की गादीसारखा आत जाणारा. दुसरा काळा, जुना, ठिकठिकाणी खरचटलेला. घुग्घुसला कामाला आलेला कुणी परदेशी इंजिनियर जाताना सायकल विकून गेला, तिचा. तो मी सगळं वजन टाकलं तेव्हा कुठे थोडा दबला.

बाबांनी काळा उचलून नाकाशी नेला.

"इस्तारीभाऊ, मासा नाई तो," गुणवंतराव हसले.

"तेल गळून राह्यलं का ते पाहून राह्यलो."

"नाई गळत. पोरीले उतारावर जायचं हाये ना? मंग काळाच न्या. लाल लई नरम. उतारावर ब्रेक दाबला का पुरा खाली बसते, अन् मानूस हँडलवरून पुढं."

"मंग लाल काऊन ठेवला दुकानात?"

"सडकेवर फिराले. असं करा भाऊ, दोन्ही न्या. चालवून पाहा. नाई पटला तो वापस आना."

इथेच बिनसलं. चोरापेक्षाही बाबांचा अविश्वास होता तो फुकट देणाऱ्यावर. दोन्ही चिमटे घेतले खरे, पण घरी येताना वाटभर ते उलटेपालटे करून बघत होते. तलावाची पाळ आली तसे म्हणाले, "त्याची पुतनी रोशनी हाये ना शर्यतीत?"

होती. माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. खरचटलेला माल माझ्या गळ्यात मारून पुतणीचा रस्ता मोकळा करायचा डाव असला तर?

परीक्षा बाबांनीच घेतली. ते रोज जिवंत मागूर पाण्यासकट ॲल्युमिनियमच्या डब्यात घालून, डबा हँडलला टांगून बाजारात न्यायचे. पाणी सांडलं की मासा मरतो आणि मेलेल्या मागूरला कुत्रं विचारत नाही. त्यामुळे चांगली सायकल म्हणजे पाणी न सांडणारी सायकल. त्यांनी आधी काळा चिमटा बसवला, भरलेला डबा टांगला आणि पाळीवरच्या बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून सायकल हाकली. गुडघ्यापर्यंत भिजून आले. मग लाल बसवला. एक थेंब सांडला नाही.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "चोर हाये गुनवंतराव."

मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं. लाल चिमटा दिसायलाही झकास होता.

शर्यत रविवारी होती. शनिवारी दुपारी ब्रेक तपासायला गेले तर सायकल नाही. बाबाही नाहीत. "बाबा कुठी गेले?" विचारलं तर आई, देवकाबाई, चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मले काय मालूम?" आईला मालूम नाही असं गावात काही घडत नसे.

दिवेलागणीला बाबा आले. मागच्या पडवीत काहीतरी खुडबुड करत बसले आणि मग सायकल माझ्यापुढे उभी केली. तिला काळा चिमटा लावलेला होता.

"लाल कुठी हाये?"

"वापस केला."

"काऊन? कालपर्यंत तर गुणवंतराव चोर होता."

"चोरच हाये. पन हाच चालते."

डावा हात ते अंगाशी धरून होते. म्हणाले, तलावात पाय घसरला. माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. मला वाटलं, मुलीनं पहाडीवरून उड्या मारू नयेत असं यांच्या मनात आहे, तोंडानं नाही म्हणवत नाही, म्हणून जाणूनबुजून वाईट चिमटा लावला. मी तसं तोंडावर बोलले. तुमच्या पोटात एक अन् ओठात एक, असंही बोलले. ते जेवायला बसले, भाकर एका उजव्या हातानंच तोडत. आणि मी रागानं इतकी आंधळी, की ते दिसूनही कळलं नाही.

सकाळी सायकल ढकलत पहाडी चढू लागले. निम्म्या वाटेवर एक आडवं वळण होतं. तिथे ब्रेक दाबावाच लागे, आणि लगेच खाली हातभर खोल दगडी पायरी. त्या पायरीच्या दगडावर लाल रंगाचा ताजा ओरखडा दिसला. बाजूच्या झुडपात चेपलेला ॲल्युमिनियमचा डबा पडला होता. जवळच दोन मागूर, मुंग्या लागलेले.

मी डबा उचलून पाहिला. आमचाच होता. हा माणूस पाण्यानं भरलेला डबा टांगून सायकल एवढ्या उंच ढकलत आला होता, आणि मी जिथून उतरणार तिथून, माझ्या आधी, स्वतः उतरला होता. काल मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवलं आणि मी रडले. मग नाक पुसून वर गेले.

उतरताना त्या वळणावर ब्रेक दाबला. काळा चिमटा दबला, थांबला आणि पायरीखाली सावरून पुन्हा उठला. मी तिसरी आले. रोशनी पहिली.

घरी बाबा पडवीत बसले होते, डावा हात आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधलेला. कोपऱ्यात गोणपाटाखालून वाकडा झालेला लाल चिमटा डोकावत होता. नंबर कितवा, हे त्यांनी विचारलंच नाही.

"त्या वळनावर," ते म्हणाले, "सांडलं काय?"

"नाई बाबा," मी म्हटलं. "एक थेंबबी नाई."