उघड्या तोंडानं

मामाच्या मेडिकलसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून संध्या बसली आणि तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडून मांडीवर ठेवला. गालांवर, हनुवटीवर लालभडक फोड उठले होते. काही पिकले होते. गोरेगावच्या स्टँडकडे निघालेली एक बाई चालता चालता थबकली, मग नजर चुकवून पुढे गेली.

काउंटरमागून प्रमोदमामा दबक्या आवाजात म्हणाला,

"संध्या, आत जा."

"काहून?"

"गिऱ्हाईक येऊन राहिलंय. असं तोंड घेऊन दुकानात बसतं का कोणी?"

"तुमीच तर दाखवत होता मामा, माझं तोंड."

ते खरंच होतं. बारावीत तिला मुरुमं आली तेव्हा मामानंच दुकानातली एक मलमाची ट्यूब दिली होती. पंधरवड्यात चेहरा असा नितळ, गोरा झाला की कॉलेजच्या पोरी विचारायला लागल्या. मग दुकानात कुणी पोरगी आली की मामा आतल्या दाराकडे वळून हाक मारायचा, "संध्या, जरा बाहेर ये." ती हसत यायची आणि ट्यूब विकली जायची. वडील गेल्यापासून दुकानामागच्या खोल्यांत मायलेकींना त्यानंच ठेवून घेतलं होतं. त्याच्या हाकेला ओ देण्यात तिला काही वावगं वाटत नसे.

पण पुढे पुढे ट्यूब एक दिवस चुकली तरी गालांची आग होऊ लागली. उन्हात उभं राहवेना. शेवटी ती जिल्ह्याच्या गावी, हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली.

"यात स्टेरॉइड आहे. हे मुरुमांचं औषध नाही. आजपासून बंद. आधी चेहरा आणखी बिघडेल, घाबरू नकोस. रात्री हे जेल पातळ लाव, गोळ्या घे, फोड फोडू नकोस. दोन-तीन महिने धीर धर."

चेहरा बिघडला तशा मामाच्या हाकाही थांबल्या. पण काल शेजारची दिपा, आठवीतलं लेकरू, काउंटरपाशी येऊन म्हणाली, "काका, संध्याताईवाली ट्यूब द्या." आणि मामानं दिली. दाराआडून संध्यानं ते ऐकलं. रात्रभर तिच्या कानात तेच होतं.

म्हणून आज ती खुर्ची टाकून बसली होती. दुपारपर्यंत कॉलेजच्या पोरी येत राहिल्या. ट्यूब मागणारीला ती एवढंच म्हणे, "आधी माझ्याकडं बघ. ही त्याच ट्यूबची करणी." पोरी बघत आणि रिकाम्या हातानं परतत.

शेवटी मामानं बहिणीला हाक मारली. संध्याची आई, भागूबाई, पदर सावरत बाहेर आली.

"ऊठ. ज्याच्या घरात राहतो त्याच्याच दारात बसून त्याची अब्रू घेऊन राहिली व्हय?"

"म्या कुणाची अब्रू घेतली न्हाई. फकस्त तोंड झाकलं न्हाई."

"उद्या तुला बघायला कोण येईल?"

"यायचं त्यानं हेच तोंड बघून यावं."

भागूबाईनं तिचा दंड धरून ओढलं. संध्यानं खुर्चीचा हात घट्ट पकडला. तेवढ्यात शीतल आली, चार घरं पलीकडची नवी सून. दोघींकडे तिचं लक्षच नव्हतं.

"दादा, ती गोरं व्हायची ट्यूब द्या बरं."

मामानं ड्रॉवर उघडला.

भागूबाईचा हात दंडावरून सुटला. ती काउंटरपाशी गेली. तिथल्या बाटलीतलं पाणी पदराच्या टोकावर घेऊन तिनं आपल्याच गालांवरची पावडर पुसून काढली, जोर लावून, दोन्ही बाजूंनी. खालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. तांबड्या शिरा दिसत होत्या.

"अक्का, हे काय?" मामा म्हणाला.

"वांगाच्या काळ्या डागांसाठी तीच ट्यूब लावत व्हते. पोरीचं पाहून."

संध्या खुर्चीतून अर्धवट उठली. तिलाही हे माहीत नव्हतं. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती भावाकडेच बघत उभी राहिली, उघड्या तोंडानं.

शीतल गोंधळली. एकदा लेकीकडे, एकदा आईकडे बघून ती म्हणाली,

"दादा, देता ना?"

मामाचा हात ड्रॉवरमध्येच होता. आत ट्यूबची खोकी दाटीनं रचलेली होती.

"संपली," तो म्हणाला.