आप्पाजींची साक्ष

नोटरीच्या खोलीत शिरण्याआधी कावेरीनं आजोबांना तीनदा पढवलं. "आज्जा, खरं तेच सांगायचं. पाणसगाळीत तुमचा जन्म. तुमच्या बानं तिथंच नाचणी पेरली, म्हशी राखल्या. बस्स."

आप्पाजींनी मान हलवली. वय नव्वदीपुढं गेलेलं. खानापूरच्या रानातल्या त्या वाडीतून नातीनं त्यांना बेंगळुरूच्या टोकाला, आनेकलमधल्या आपल्या एका खोलीत आणलं, त्याला दोन वर्षं झाली होती. ती तिथल्या शिलाई कारखान्यात कामाला होती.

आज पाणसगाळीहून अभिमन्यू आला होता. वाडीच्या वनहक्काच्या अर्जांमागं तोच धावत होता. वाडीतले सगळे गवळी, आणि गवळी हे आदिवासींच्या यादीत नाहीत, म्हणून कायदा त्यांच्याकडं पंच्याहत्तर वर्षांच्या वस्तीचा पुरावा मागत होता. कागद कुणाकडंच नव्हता. जाणत्या माणसाची साक्ष मात्र चालणार होती, आणि तेवढं जुनं बघितलेला एकच माणूस उरला होता.

"वणवा आम्ही विझवायचा, देवराईतली काटकीसुद्धा उचलायची नाही," अभिमन्यू म्हणाला, "आणि अभयारण्यात नको कोण, तर आम्हीच! एकवीस घरं आज्जांच्या शब्दावर आहेत, अक्का."

नोटरीनं कानडीत विचारलं, "अज्जा, त्या जंगलात तुम्ही शेती करत होता?"

आप्पाजींची नजर टेबलावरच्या शिक्क्यावर गेली. त्यांनी हात जोडले आणि मराठीत म्हणाले, "नाही, साहेब. शेत कसलं? चुकलेली म्हस शोधायला आलोय. आत्ता जातो."

हे वाक्य कावेरीलाही पाठ होतं. वनखात्याचा गार्ड दिसला की वाडीतलं पोरगंही हेच म्हणायचं. 'इथं राहतो' म्हणणाऱ्याची झोपडी पेटायची.

नोटरीला मराठी कळत नव्हतं. कावेरी चटकन कानडीत म्हणाली, "होय म्हणतायत. जन्मापासून तिथंच शेती केली."

"सुळ्ळु!" आप्पाजी उठले. गार्डांच्या शिव्या खाऊन त्यांनाही कानडी येत होती. "खोटं आहे, साहेब! पोरीला काय कळतं? तिचं नाव लिहू नका!"

नोटरीनं वही मिटली. "बरं, अम्मा. माणूसच नाही म्हणतोय. मी शिक्का कशावर मारू?"

घरी अभिमन्यूनं मोबाइल समोर धरून पुन्हा विचारून बघितलं. आप्पाजींनी मोबाइल हातानं बाजूला सारला. अभिमन्यू रागावला नाही. पाया पडला आणि बसस्टँडकडं चालू लागला.

तो गेल्यावर आप्पाजींनी नातीचा हात धरला. "भिऊ नकोस. एकाचंही नाव घेतलं नाही मी."

कावेरीला रडूही येईना.

महिन्याभरात सगळे अर्ज फेटाळले गेले. वाडी उठली; 'स्वखुशीनं स्थलांतर' अशा कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले. पुढच्या उन्हाळ्यात अभिमन्यूचा फोन आला. रानात वणवा लागला होता, विझवायला माणूस नव्हतं, देवराई गेली.

"कोण गं?" आप्पाजींनी विचारलं.

"कारखान्यातलं," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात भात वाढला.