रुळांपलीकडे न पोचलेला आवाज

मी अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या एका लहान गावचा रेडिओ आहे. ऐकवणारा नव्हे, बोलणारा. मित्रांनो, प्रक्षेपक म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे उंच मनोरा येईल. माझा सगळा पसारा बुटांच्या खोक्यात मावतो. परवान्याशिवाय, हौसेने बोलायचे तर कायदा इतकीच ताकद देतो. उशाच्या मंद दिव्यालाही माझ्याहून जास्त वीज लागते.

धान्याच्या कोठारावरची नोकरी संपल्यावर वेंडेल टोर्गर्सनने मला तळघरात बसून, एकेक तारेला डाख देऊन जोडले. शाळेत आज जेवायला काय, गव्हाचा भाव काय, कोणाचा कुत्रा सुटला, असे तो रोज माझ्यावरून सांगे. वर स्वयंपाकघरात त्याची बायको आर्डिस बटाट्याच्या पोळ्या लाटत ऐकत असे. एकदा ती जिन्यातून म्हणाली, "अरे, तो कुत्रा गॉर्डीचा नाही, आपलाच आहे."

गॉर्डी हा वेंडेलचा मित्र. तो चिडवायचा, "दिवसा मैलभर अन् रात्री चार घरं! तुझं केंद्र तुझ्यासारखंच, दिवेलागणीला पेंगतं."

त्याचे म्हणणे खरे होते. दिवसा वरचे आकाश दूरच्या केंद्रांचा आवाज गिळून टाकते, म्हणून माझ्यासारख्याचेही ऐकू जाते. सूर्य मावळला की तेच आकाश आरशासारखे होते. हजार मैलांवरची मोठी केंद्रे त्यावरून उसळी घेऊन आमच्या गावात उतरतात, आणि त्यांच्या गलक्यात मी बुडतो.

पुढे आर्डिसला विसर पडू लागला. तिला रुळांपलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवावे लागले. वेंडेल रोज तिच्याजवळ जाऊन बसे. मग ते वर्ष आले, ज्या वर्षी सगळ्या जगाने तोंडाला फडके बांधले. आश्रमाची दारे बंद झाली. खिडकीबाहेर उभ्या राहिलेल्या वेंडेलला पाहून ती घाबरली. फोनमधून आवाज आला की ती पलंगाखाली माणूस शोधायची. तिच्या खोलीतल्या रेडिओवरचा त्याचा आवाज मात्र तिच्या सवयीचा होता.

तिथे काम करणाऱ्या जोलीनने युक्ती काढली. आर्डिस काय म्हणते ते ती व्हरांड्यातल्या फोनवरून वेंडेलला कळवी, आणि तो माझ्यावरून उत्तर देई.

"गायी आत घेतल्या का, विचारतायत."

"घेतल्या गं, आर्डिस. फाटकही लावलंय."

त्या गायी तिच्या बापाच्या गोठ्यातल्या होत्या. पण ती शांत होई. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोलाचे काम होते.

खरी भीती तिला सांजावताना वाटे. घरी जायचे म्हणून ती दाराशी उभी राही. आणि मी नेमका तेव्हाच बुडायचो. हिवाळा आला तसा दिवस आखडला. वेंडेलने गोठलेल्या जमिनीत कुदळीने चर खणले, माझ्यासाठी तांब्याच्या तारा पुरल्या. त्याच्या हाताची सालटे निघाली. माझा पल्ला एका गल्लीने वाढला, पण रूळ ओलांडता आले नाहीत.

गॉर्डी म्हणाला, "मोठं यंत्र आणतो. इथे कोण तपासायला येतंय?"

"आणि माझ्यापायी दुसऱ्या कुणाचं बुडवू?" वेंडेल म्हणाला. "माझं बुडतंय तेवढं पुरे आहे."

डिसेंबरात आर्डिसला ताप चढला. अंधार पडल्यावर जोलीनचा फोन आला. "काका, इथे रेडिओवर कोणीतरी टेक्सासचा माणूस टायर विकतोय. तुम्ही ऐकूच येत नाही."

"बंद करू नकोस. मी बोलत राहतो. मधूनमधून तरी पोचेन."

तो बोलत राहिला. लग्नातला पाऊस, तिचा भाऊ, फाटक. त्याचा घसा बसला तरी तो माझ्यासमोरून उठला नाही.

पुढचे मला जोलीनकडून कळले. काही दिवसांनी ती आली आणि अंगातला कोटही न काढता तळघराच्या पायरीवर बसली.

"उजाडल्यावर तुमचा आवाज स्वच्छ आला, काका. शेजारी बसल्यासारखा. 'आर्डिस, ऊन पडलंय,' म्हणालात. मी तेव्हा त्यांच्यावरची चादर सारखी करत होते. त्या पहाटेच गेल्या होत्या."

वेंडेलने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली.

"रेडिओ बंद करायला हात धजला नाही माझा. तुमचं बोलणं संपू दिलं, मग फोन केला."

"रात्री काही पोचलं का तिच्यापर्यंत? एखादा शब्द?"

जोलीनने अंगावरचा कोट घट्ट ओढून घेतला. "नाही, काका."

ती गेल्यावर वेंडेलने माझी वायर भिंतीतून काढली, गुंडाळली आणि माझ्यावर ठेवली. तो पुन्हा खाली आलेला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याशी बोलायचे आहे, त्यांच्याजवळ जाता येते तोवर जा. तुमचे शब्द माझ्यासारख्यावर सोपवू नका. मी ते जपून पाठवतो, पण सूर्य मावळल्यावर ते कुठवर जातात हे माझ्या हातात नसते.