रोजची ताजी तारीख

चंद्रपुरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नीलिमा कामाला होती. तलावात मासेमारी करणाऱ्या सोसायट्यांना कंपनीने 'तलावमित्र' नावाचं सॉफ्टवेअर विकलं होतं. ते कसं वापरायचं हे सांगणारी मार्गदर्शिका वेबसाइटवर होती आणि ती सांभाळणं हे नीलिमाचं काम. मार्गदर्शिकेच्या तळाशी 'शेवटचा बदल' असं लिहून पुढे तारीख दिसे. ती कोरोनाच्याही आधीची होती.

एका गिऱ्हाइकाने त्यावरून टोमणा मारला, तसा मालक सुरेंद्र तिच्या टेबलाशी आला.

"इथी रोज आजची तारीख दिसली पाह्यजे."

"सर, मंग मजकूर बदलवा लागन. लय जुना झाला."

"मजकूर कोन वाचते? लोक तारीख पाह्यतेत."

नीलिमाने तशी सोय केली. रोज सकाळी तारीख आपोआप बदलू लागली. सुरेंद्र खूश. नव्या गिऱ्हाइकांना तो मोबाइलवर ती ओळ मोठी करून दाखवायचा.

मजकुरातला मदतीचा नंबर मात्र कंपनीने केव्हाच बंद केला होता. तो नंबर आता सिंदेवाहीजवळ शेती करणाऱ्या धुरपताबाईंना मिळाला होता. त्या धानाच्या बांधीत रोवणं करत असल्या की फोन वाजायचा. "बाई, तलावमित्रवर लाल पट्टी आली, हटूनच नाई राह्यली!" राँग नंबर म्हटलं की समोरचा चिडायचा, "वेबसाइट आजच बदलली लिवलं आहे. खोटं काऊन बोलता?"

शेवटी वेबसाइटवरचा पत्ता शोधत बाई थेट ऑफिसात धडकल्या. सुरेंद्रने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि तारीख दाखवली.

"पाहा बाई, आमचं काम रोज अपडेट असते."

"मंग आज कोनं बदललं? त्याले बलवा. माहा नंबर काऊन नाई काढला, विचारतो त्याले."

सुरेंद्रने नीलिमाकडे पाहिलं. नीलिमा खिडकीबाहेर पाहत होती. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो सुरेंद्रच्या हातात दिला. पलीकडच्या माणसाने मासोळ्यांच्या हिशेबावरून त्याची आईमाई काढली. "राँग नंबर!" म्हणत सुरेंद्रने फोन कापला. बाई इतक्या हसल्या की कपातला चहा सांडला.

बाई गेल्यावर नीलिमाने कुणाला न विचारता कंपनीचा खरा नंबर टाकला, सगळा मजकूर दुरुस्त केला आणि तारखेची चलाखी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेंद्र ओरडत आला, "हे तं कालची तारीख आहे! शिळं दिसून राह्यलं!"

"कालच बदललं, सर."

"मले शिकवू नको. पह्यले होतं तसं कर."

"तुमीच करा," म्हणून तिने बॅग उचलली. त्या आठवड्यात तिला राजुऱ्यात दुसरी नोकरी लागली.

सुरेंद्रने खरंच स्वतः केलं. मार्गदर्शिकेची जुनी प्रत शोधून चढवली. तारीख ताजी झाली आणि धुरपताबाईंचा फोन पुन्हा वाजू लागला. ऑफिसातून निघताना नीलिमाचा नंबर बाईंनी घेतला होता, त्यावर त्यांनी फोन लावला. नीलिमाने सुरेंद्रचा स्वतःचा नंबर दिला आणि बाई तो प्रत्येकाला प्रेमाने सांगू लागल्या, "साहेब लय हुशार आहेत, त्यायलेच विचारा."

आता सुरेंद्रला जेवतानाही फोन येतात. परवा कोरपन्याच्या एका सोसायटीवाल्याला तो म्हणाला, "थांबा भाऊ, मी पह्यले उघडून पाह्यतो, हे सॉफ्टवेअर दिसते तरी कसं."