बाईच्या वाटणीचा डोसा

कामठ्याच्या टेंभरे कुटुंबानं हॉटेलात बसून डोसा खाल्ला तो उभ्या आयुष्यात तीनदा, आणि तिलक टेंभरे गेली तीस वर्षं त्या तीन डोशांवर जगत होता. खताच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्याची गाडी डोशावर घसरायची. त्याच्या बायकोला, दुर्गेश्वरीला, ते तिन्ही डोसे तोंडपाठ झाले होते. कुठल्या चटणीत मीठ कमी होतं तेसुद्धा ती सांगू शकली असती.

पण त्याचंही काही चुकत नव्हतं. ज्या घरात बारा महिने भात, वरण आणि परसातली भाजी, त्या घरातल्या सहा-सात वर्षांच्या पोराला हॉटेल म्हणजे स्वर्गच. त्यात जायचं तेही चोरून. गावात सांगायचं, नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला चाललो. बाबूजी इस्त्रीचा शर्ट घालायचे. माय त्याच्या डोक्यावर इतकं तेल थापायची की कानामागून ओघळ यायचे. आणि थोरली बहीण रुक्मा, जिला तो बाई म्हणायचा, ती मायची पोपटी साडी नेसायची. दर्शन मात्र खरंच व्हायचं, देवाला फसवायची टेंभऱ्यांची छाती नव्हती. तिथून मग गोंदिया, स्टेशनाजवळचं मद्रासी हॉटेल.

तिथला गार पाण्याचा स्टीलचा पेला तो आधी गालाला लावायचा. वेटर कोपरापर्यंत ताटल्या चढवून यायचा आणि ताटलीत न मावणारा तो डोसा समोर ठेवायचा. तिलक त्याच्या पोकळीतून बाबूजींकडे बघायचा आणि डोळे वटारले गेले की खायला लागायचा. बाई एक तुकडा मोडायची, सांबारात बुडवायची आणि ताटली त्याच्याकडे सरकवायची. बाईला डोसा आवडत नाही हे त्यानं तेव्हाच पक्कं केलं आणि पुढं सगळ्या गणगोताला सांगूनही टाकलं. परतीच्या बसमध्ये बाबूजी आणि माय एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. पोटं भरली म्हणून गप्प आहेत, असं त्याला वाटायचं.

त्याच हॉटेलात आज तो बाईला आणि भाचीला घेऊन आला होता. हॉटेल आता ओळखू येत नव्हतं. काचेचं दार झालं होतं, एसी लागला होता, कुटुंबांसाठी वेगळा हॉल होता. प्रेरणा, बाईची एकुलती एक, गोंदियातच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. 'धानाचा सीझन बरा गेला, मामाकडून पार्टी' म्हटल्यावर ती अर्धी सुट्टी टाकून आली होती. बाई तिरोड्याकडच्या सासरगावाहून सकाळच्या गाडीनं आली. भाऊजी मळणी सोडून येणार नव्हते, आणि ते बरंच झालं, असं तिलकला वाटलं.

कारण पार्टी ही नुसती पार्टी नव्हती. पोवार समाजातल्या सोयरिकी जुळवण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही, त्या नंदलालनं प्रेरणासाठी स्थळ आणलं होतं. पटल्यांचा हिमांशू, नागपूरला कंपनीत, घरी शेती. पाहण्याची युक्तीही नंदलालचीच.

"घरी पाहुने बोलावले का चहा व्हाच्या आधी गावभर होते," तो म्हणाला होता. "नाही जमलं तं पोरीचंच नाव निंघते. त्यापेक्षा हॉटेलात बसा. थे बाजूच्या टेबलावर येतीन, पाहून घेतीन, जातीन. पोरीले सांगूच नोको, मोकळी राहीन. सांप भी मरे, लाठी भी ना टूटे."

तिलकला हे फार पटलं. भाचीच्या लग्नात मामाचा मान मोठा. स्थळ पक्कं करूनच बाईपुढं उभं राहावं आणि तिचा चेहरा कसा खुलतो ते बघावं, ही त्याची हौस. म्हणून त्यानं बाईलाही ताकास तूर लागू न देता सगळा घाट घातला होता.

पटले मंडळी आधीच येऊन बसली होती. नवरा-बायको इडली खात होते, पोरगा मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. तिलकनं प्रेरणाला भिंतीकडच्या खुर्चीवरून उठवून त्यांच्या समोर येईल अशा खुर्चीवर बसवलं. "इथं हवा चांगली लागते," तो म्हणाला. एसीच्या हॉलमध्ये हवा सगळीकडे सारखीच लागत होती. बाईची पाठ पटल्यांकडे आली.

वेटर आला. "दोन मसाला डोसे, अन् बाईसाठी इडली," तिलकनं सांगून टाकलं.

"मले काऊन इडली?" बाई म्हणाली. "मले बी डोसाच पाह्यजे."

"तुले कुठं आवडते डोसा?"

"कोन सांगतलं?"

"कोन सांगाले कायले पाह्यजे? तुझ्या वाटनीचा दरवेळी मीच तं खाल्ला," तिलक हसत म्हणाला.

बाई हसली नाही. तिनं वेटरला तीन डोसे सांगितले आणि हॉलभर नजर फिरवली. पूर्वीचं दार कुठं होतं, काउंटर कुठं होता, याचा ती अंदाज घेत असावी. प्रेरणा मात्र रंगात आली होती. लॅबमध्ये सुईला भिणारे मिशीवाले पहिलवान कसे टेबलाखाली पडतात, त्याची नक्कल करून दाखवत होती. पोरगी खरंच मोकळी आहे, तिलक मनात म्हणाला, नंदलाल पक्का माणूस.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. नंदलालचाच मेसेज होता. 'पटलेजी मना कर रहे हैं. लड़की अच्छी है पर नहीं जमेगा. आगे देखेंगे.'

तिलकनं तो पुन्हा वाचला. डोसे अजून तव्यावर होते आणि निकाल लागून मोकळा झाला होता. त्यानं बाजूला पाहिलं. पटल्यांची बायको वेटरला आणखी चटणी मागत होती. पोरानं मान वर केल्याचं तर तिलकनं एकदाही पाहिलं नव्हतं. प्रेरणात नावं ठेवायला जागा कुठं आहे, आणि हे लोक नाही म्हणून वर चटणी मागतात? त्याच्या मस्तकात तिडीक गेली, पण करतो काय, मांडव त्यानंच घातला होता.

"कोनाचा फोन?" बाईनं विचारलं.

"दुकानातून. युरियाची गाडी आली."

डोसे आले. प्रेरणा हात धुवायला उठून गेली. ती बेसिनकडे वळल्यावर बाई टेबलावर पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, "नाही म्हनले का?"

तिलकनं मोबाईल पालथा ठेवला. "कोन?"

"माह्या पाठीमागचे." बाईनं मागं वळूनही पाहिलं नव्हतं. "खोटं बोलू नोको, तिलक. बाबूजीचं तोंड असंच होत होतं."

"कवा?"

"इथंच. फोन नोहोता तवा. नंदलालचा बाप काउंटरपाशी उभा राहे. थ्या लोकाईचं खानं झालं का बाबूजीकडे पाहून मान हालवे. बाबूजी मंग म्हनत, आज लय उकाडा हाय."

तिलकला आधी नीट अर्थच लागेना. लागला तेव्हा हातातला तुकडा हातातच राहिला. "म्हंजे आपन डोसा खाले येत होतो थे..."

"तू येत होता डोसा खाले," बाई म्हणाली. "मले दाखवाले आनत होते."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. पहिल्या वेळी तं मले बी नोहोतं सांगतलं. मी लय खूश होती. चांगला अर्धा डोसा खाल्ला. मायनं टेबलाखालून मांडीले चिमटा काढला, का पोरगी हावरी हाय म्हनतीन. मंग समजलं. तवापासून मी एकच तुकडा घेत होती."

हॉलमध्ये भांड्यांचा आवाज चालू होता, कोणाचं तरी पोर रडत होतं, आणि तिलकला वाटलं आपल्याला यातलं काहीच ऐकू येत नाहीये. तीस वर्षं उराशी बाळगलेली गोष्ट एका वाक्यात नासून गेली होती. ती पोपटी साडी, बसमधली ती शांतता, ताटलीत सरकवलेला तो डोसा, सगळं तेच होतं आणि काहीच तेच नव्हतं. आणि मग त्याला आठवलं ते आणखी वाईट होतं. पहिल्या डोशानंतर नागऱ्याला पुन्हा नेलं तेव्हा त्यानं पिंडीपुढं घट्ट डोळे मिटून मागणं मागितलं होतं, की देवा, हॉटेलात ने, आणि पुन्हा पुन्हा ने. शेजारी बाईही हात जोडून उभी होती. तिचं मागणं काय असेल हे आता सांगायची गरज नव्हती. महादेवानं दोघांपैकी त्याचं ऐकलं होतं. त्याला स्वतःची किळस आली, इतक्या लहान पोराचा काही दोष नसतो हे कळत असूनही आली.

"तू कधी बोलली काऊन नाही?" त्यानं कसंबसं विचारलं.

"कोनाले बोलू? तू घरभर डोसा-डोसा करत फिरे. तुले तेवढंच एक सुख होतं. थे कायले नासवू?" बाईचा आवाज भरून आला होता, पण पुढच्याच वाक्याला तो कडक झाला. "पन तू माह्या पोरीले इथं आनून बसवलं? मामा हास ना तिचा? थे आली का आपल्या तोंडानं सांग तिले. तू नाही सांगतलं तं मी सांगीन."

"बाई, तिचं मन तुटीन. पुन्हा माह्या दारात नाही येनार थे."

"नाही आली तं नाही आली. माह्यावानी एखाद्या दिवशी आपल्याआपनच समजाले नाही पाह्यजे."

तिलकपुढं आता दोनच वाटा होत्या. गप्प बसला तर तो बाबूजी ठरणार होता. बोलला तर मामा मामा करत धावत येणारी एकुलती एक भाची हातची जाणार होती. इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात ते हेच. प्रेरणा रुमालाला हात पुसत परत आली, खुर्चीत बसली आणि दोघांच्या तोंडांकडे बघू लागली.

"प्रेरणा," तिलक म्हणाला, आणि घसा साफ करून त्यानं सगळं सांगितलं. नंदलालचं, पटल्यांचं, खुर्ची बदलल्याचं, मेसेजचं. एकही गोष्ट गाळली नाही. सांगताना तो ताटलीकडेच बघत होता.

प्रेरणानं डोशाची कुरकुरीत कड मोडली आणि तोंडात टाकली. "मामा, तुमी मले खुर्चीवरून उठवलं ना, तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "थे काकू तं मी पानी कशी पेते थे बी पाहून राहिली होती."

तिलकला हसावं की रडावं कळेना. "मंग उठून काऊन नाही गेली?"

"डोसा सांगतला होता ना."

बाईनं कपाळावर हात मारून घेतला. "पाह्य तिलक. तुमाले वाटते पोरीले काही समजत नाही. सारं समजते तिले." तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "बेटा, माह्यासंग झालं थे झालं. मी तुझ्या जन्माच्या वेळीच ठरवलं होतं, माह्या पोरीले कोनासमोर असं ठेवू देनार नाही. जीव गेला तरी नाही. आज मले माहीत असतं तं मी या दारात पाय नसता टाकला."

सांबाराची वाफ प्रेरणाच्या चष्म्यावर आली होती. तिनं तो काढला आणि ओढणीनं पुसायला लागली.

"आई, उन्हाळ्यात आपन नागझिऱ्याले गेलो होतो," ती म्हणाली.

"हो. फिराले गेलो होतो."

"जिप्सीत आपल्यासंग कोन होतं?"

पाठीवर फिरणारा बाईचा हात थांबला. "थे तुझ्या बाबाच्या ओळखीचे होते. गोरेगावचे. जिप्सीत जागा होती म्हनून..."

तिलकनं बाईकडे पाहिलं. तिच्या तोंडावर खोटेपणा नव्हता. आपण काय केलं हे त्या माउलीला याच क्षणी, याच टेबलावर पहिल्यांदा दिसत होतं, आणि ते तिला सोसवत नव्हतं.

"त्यांच्या पोराच्या पुढच्याच सीटवर बसवलं तू मले," प्रेरणा म्हणाली. आवाजात राग नव्हता, लॅबचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं ती सांगत होती. "अन् चष्मा काढाले लावला. धूळ उडते, काच खराब होईन म्हनली. अन् तुझ्या पर्समंदी ठेवून देल्ला. मंग गाइडनं हात केला, सारे उभे झाले. वाघीन होती म्हने, अगदी रस्त्याच्या कडेले, संग दोन पिल्लं. तू बी पाह्यली. थ्या लोकाईनं बी पाह्यली."

"मले नाही दिसली," प्रेरणा म्हणाली. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आईची ताटली तिच्याकडे सरकवली.