थॉर्प वकिलांचा कौल

देवाशप्पथ सांगते, यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं ना, तर माझी जीभ झडो! आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या फ्रीटाउनात, थॉर्प वकिलांच्या परसात, शनिवारी भर दुपारी, पितरांसाठी खड्डा खणला होता. खड्ड्यात पाम तेलातली चवळी आणि अकारा म्हणतात ते गरम वडे वाढले होते. गिधाडं उतरून जेवली, की पितर जेवले म्हणायचं. छपरावर सात गिधाडं मान आखडून बसली होती, आणि त्यातलं एकही खाली उतरायचं नाव घेत नव्हतं.

"अजून का उतरत नाहीत गं?" सायलस थॉर्पांनी घाम पुसला. अंगात काळा कोट, गळ्याला कडक कॉलर.

"तुला बघून," केझाया आत्या म्हणाली. "त्यांना वाटलं, आपल्यातलाच एक आधी येऊन बसलाय."

आत्या नव्वदीची. दात दोन, पण चावा बत्तिशीचा.

वकील म्हणजे साधा माणूस. शिंप्याचा मुलगा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्याला सव्वीस वर्षं झाली होती, तरी बापानं शिवलेलाच गाऊन अंगावर. घोड्याच्या केसांचा टोप घालून ते कोर्टात इतकं लांबण लावायचे, की एकदा चिमणीनं त्या टोपात अंडं घातलं आणि यांचं वाक्य संपायच्या आत पिल्लू उडूनही गेलं! निवडणुकीला तीनदा उभे राहिले, तीनदा आडवे झाले. शेवटच्या खेपेला तर मेव्हण्यांच्या संख्येपेक्षाही मतं कमी पडली.

आणि आता खुद्द गव्हर्नरसाहेबांचं पत्र आलं होतं. कौन्सिलात नेमणूक! नावाआधी 'ऑनरेबल' लागणार. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

पण एका साहेबानं चहा ओतता ओतता हळूच सुचवलं होतं, "कौन्सिलच्या माणसानं मासळीवाल्या बायांचे दावे लढवणं काही बरं दिसत नाही, मिस्टर थॉर्प."

किनाऱ्यावरच्या ज्या वाळूत चाळीस कोळणी तीन पिढ्या मासे विकत होत्या, ती बर्चॉल कंपनीला गोदामासाठी हवी होती. गावातले बाकी सगळे वकील कंपनीनं आधीच बांधून ठेवले होते. बायांकडे आणि त्यांच्या म्होरक्या डॉर्कसकडे उरले होते एकटे थॉर्प.

म्हणून हा कौल. सुपारीसारख्या चघळायच्या कडू कोलाच्या दोन बिया फोडायच्या, त्यांच्या चार फाका जमिनीवर टाकायच्या. दोन उताण्या आणि दोन पालथ्या पडल्या की पितर राजी. चारही पालथ्या म्हणजे साफ नकार. टाकायच्या थोरल्या मुलानं, आणि साक्षीला घरातली सगळ्यात म्हातारी.

वकील गुडघ्यावर बसले. "बाबा, मी कौन्सिलात जाऊ ना?"

चारही पालथ्या.

"आत्या, प्रश्न जरा मोघम झाला," वकील खाकरले. "बाबा, दीनदुबळ्यांच्या भल्यासाठी, सर्व बाजूंचा साधकबाधक विचार करून, मी कौन्सिलात जाऊ ना?"

चारही पालथ्या.

"साक्षीदार फितूर झालाय रे तुझा," आत्या खिदळली.

"आत्या, सव्वीस वर्षं वाट बघितली मी. एकदा तरी कुणी म्हणावं, शिंप्याचा पोर कुठल्या कुठे पोचला!"

"मग विचार की पुन्हा. पण जे विचारायला घाबरतोस ते विचार. बाप शिंपी होता तुझा, अस्तर बघायचा आधी."

वकील फाका मुठीत घोळवत बसले. वडे निवले. मग त्यांनी कॉलर सोडली आणि अगदी पोरासारख्या आवाजात विचारलं, "बाबा, मी डॉर्कसचा दावा सोडला नाही तर चालेल ना?"

दोन उताण्या, दोन पालथ्या!

सातही गिधाडं धपाधप खाली उतरली आणि चवळीवर तुटून पडली. वकील इतके हसले, इतके हसले, की कोटाची दोन बटणं तुटली. मग त्यांनी आत्याच्या शेजारी फतकल मारून पातेल्यात उरलेले चांगले अकरा वडे हाणले.

सोमवारी नकाराचं पत्र गेलं. कौन्सिलात दुसरा कुणी तरी बसला. दावा चौदा महिने चालला, आणि अर्धा किनारा कोळणींच्या नावानं कागदावर आला. अर्धाच, पण कायमचा.

पुढं वकील कधी कुठं निवडून आले नाहीत. दर शुक्रवारी मात्र टोपी घालून मासळीबाजारात जायचे. त्यांना लांबून बघितलं की डॉर्कस बोंब ठोकायची, "अगं सरका गं, ऑनरेबल आलेत! त्यांना ताजी बारकुडा मासळी दाखवा, कालची कंपनीवाल्यांसाठी ठेवा!" चाळीस बाया खो खो हसायच्या. वकील टोपी काढून चाळीसही जणींना मान लववायचे, आणि घरी जाईपर्यंत टोपी हातातच राहायची.

आता एक सांगून टाकते, जीभ झडायला नको. तिसऱ्या खेपेलाही चारही फाका पालथ्याच पडल्या होत्या. वकिलांनी त्यांच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि दोन बोटांनी दोन फाका स्वतःच उताण्या केल्या. आत्या तेव्हा छपरावरची गिधाडं मोजत होती.